सरकत्या नळीचा पोचा

पितळेचें पातेलें हातांतून निसटून फरशीवर आपटलें आणि त्याला पोचा पडला, तर घरांत क्षणभर दचकल्यासारखें होतें. पातेल्याविषयीं फारशी हळहळ वाटत नाहीं. पोचा तसाच राहिला तरी आमटी शिजावयाची थांबत नाहीं, आणि काढावयाचाच झाला तर तांबटाच्या दुकानीं तें घटकेचें काम असतें. परंतु त्याच पितळेच्या एका नळीला तुरीच्या दाण्याएवढा पोचा पडला, तर एक अख्खें वाद्य अडून बसतें. ट्रॉम्बोन हें तें वाद्य. लष्करी बँडाच्या पुढच्या रांगेंत चालणारा जो वादक एक लांब नळी समोर ढकलतो व पुन्हां छातीकडे ओढतो, त्याच्या हातांत तें पुष्कळांनीं पाहिलेलें असतें. नांव मात्र थोड्यांच्याच लक्षांत राहतें.

या वाद्याला बोटांनीं दाबावयाच्या कळा नसतात. आंत दोन सरळ व स्थिर नळ्या असतात आणि त्यांवर बाहेरची, तळाशीं घोड्याच्या नालासारखी वळलेली, नळी चढविलेली असते. ही बाहेरची नळी जितकी पुढें जाईल तितका आंतील हवेचा स्तंभ लांबतो आणि स्वर उतरतो. अगदीं जवळच्या जागेपासून दूरच्या जागेपर्यंत सात मुक्काम मानतात. प्रत्येक मुक्कामाला अर्धा स्वर उतरतो. नेहमींच्या ट्रॉम्बोनची सगळी नळी उलगडून सरळ केली तर ती सुमारें ९ फूट भरेल. बाहेरच्या नळीचा पत्रा मात्र जेमतेम पाव मिलिमीटर जाड, आणि आंतबाहेरच्या नळ्यांमधील फट त्याहूनही बारीक. तेवढ्या फटींत तेलापाण्याचा पातळ थर राहतो व त्यावर नळी तरंगल्यासारखी सरकते. एकोणिसाव्या शतकांत कारागिरांनीं अशी युक्ति काढली कीं, आंतली नळी सबंध न घासतां केवळ तिचें टोंक किंचित् जाड ठेवावें व तेवढेंच बाहेरच्या नळीला टेकावें. या जाड टोंकाला इंग्रज कारागीर 'पायमोजा' म्हणतात. त्यामुळें घर्षण पुष्कळ कमी झालें. पण बाहेरच्या नळींत पोचा असला तर नेमका हा पायमोजाच त्याला ठेंचाळतो.

महाबळेश्वराच्या पठारावर असलें वाद्य पोंचण्याला इंग्रजी अंमल यावा लागला. त्यापूर्वीं या डोंगरांच्या ओळखीचा धातूचा आवाज म्हणजे शिंगाचा व कर्ण्याचा. प्रतापगडावर नगारखाना आहे, आणि वाई-साताऱ्याकडच्या जत्रांत शिंग फुंकणारा आजही दिसतो. १८२९ सालीं साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह यांनीं महाबळेश्वरचा मुलूख कंपनी सरकारला दिला व त्याच्या मोबदल्यांत वाईकडील खंडाळें घेतलें. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या नांवानें माल्कम पेठ वसली, पुढें मुंबई सरकारचा उन्हाळी मुक्काम तेथें पडूं लागला, १८८१ मध्यें क्लब निघाला. जेथें गोऱ्यांची छावणी आणि सरकारी थाट, तेथें पितळी बँड, हा त्या काळचा शिरस्ता होता. वाठार स्टेशनावर उतरून टांग्यांनीं व गाड्यांनीं घाट चढतांना वाद्यांच्या पेट्यांना काय सोसावें लागत असेल, हें पसरणीची वळणें ज्यानें पाहिलीं आहेत त्याला सांगावयास नको. येथला पाऊस तर वर्षाला सुमारें ६००० मिलिमीटर. त्या दमटपणांत पितळेवर हिरवा कळंक चढावयाला फार दिवस लागत नाहींत, आणि सरकत्या नळीला कळंक हा पोच्याइतकाच वैरी. सरकार पावसापूर्वीं खालीं पुण्याला उतरत असे, ही बँडवाल्यांचीही सोयच म्हणावयाची.

शिंगाला या दोहोंचें भय नसतें. तांब्याच्या किंवा पितळेच्या पत्र्याचे निमुळते तुकडे वळवून, एकाचें तोंड दुसऱ्यांत बसवून, तें अर्धचंद्रासारखें किंवा नागमोडी केलेलें असतें. त्यांत कांहींच सरकत नाहीं. अंगावर चार पोचे असले तरी फुंकणाऱ्याची छाती दमदार असली म्हणजे आवाज निघतोच. पोचा फारच खोल गेला तर सांधा सोडवावा, तुकडा लोखंडी खुंटीवर चढवावा व ठोकावा. म्हणजे शिंगाची दुरुस्ती ही भांड्याच्याच दुरुस्तीची धाकटी बहीण. आणि भांड्याच्या दुरुस्तीची विद्या महाराष्ट्रांत उत्तम होती.

पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळी या विद्येचें मोठें ठाणें. पेशवाईंत कोंकणांतून वर आलेल्या तांबटांनीं ती वसविली. त्यांची कारागिरी 'मठार' या नांवानें प्रसिद्ध आहे. भांडें घडवून झालें म्हणजे त्याच्या सर्वांगावर हातोडीचे एकसारखे, ओळीनें ठोके मारावयाचे. त्यानें धातु टणक होतो आणि अंगावर लहान लहान चकाकणाऱ्या टिकल्यांची नक्षी उठते. तांबटाचें सगळें शास्त्र दोन गोष्टींवर उभें आहे. पहिली ही कीं, ठोकल्यानें पितळ-तांबें ताठरतें व तापविल्यानें तें पुन्हां मऊ होतें. म्हणून ठोकावें, तापवावें, पुन्हां ठोकावें. दुसरी ही कीं, बाहेरून हातोडी पडतांना आंतून त्या जागीं कांहींतरी भक्कम टेकलेलें हवें. पातेल्यांत लोखंडी खुंटी सहज जाते. लोट्याचें तोंड अरुंद, म्हणून त्यासाठीं वांकड्या मानेची सळई असते. आंतून आधार दिला कीं पोच्याच्या कडेकडेनें ठोकत यावें, म्हणजे दबलेला पत्रा आपण होऊन वर येतो. ऐन पोच्यावर घाव घालणारा तांबट अजून शिकाऊ समजावा.

हीच विद्या सरकत्या नळीवर चालवूं गेलें तर काय होतें? आधीं तापविण्याचा प्रश्न. ही नळी कारखान्यांत साच्याच्या भोंकांतून ओढून काढतांना टणक झालेली असते, आणि तो टणकपणा हेंच तिचें बळ. पोचा लवकर निघावा म्हणून ती लाल तापविली, तर पितळ मऊ पडतें. पुढें वादकाच्या अंगठ्याच्या दाबानेंही त्यांत खळगा पडावा अशी अवस्था होते, आणि तापण्यानें नळी वांकते ती निराळीच. मग ठोकण्याचा प्रश्न. मठाराचा एकेक ठोका भांड्याला शोभा देतो. येथें एकच ठोका जोरानें बसला कीं पत्रा पसरतो आणि नळी त्या जागीं रुंद होते. पोचा गेला, पण फुगवटा आला. नळी अडत नाहीं, पण हवा निसटते. असें वाद्य फुंकतांना वादकाची दमछाक होते आणि दोष कोठें आहे तें त्याच्या ध्यानांतही येत नाहीं. उरला आधाराचा प्रश्न, आणि तोच सर्वांत अवघड. अर्ध्या इंचाच्या भोकाची, दोन फुटांहून लांब नळी; तिच्या मधोमध पडलेल्या पोच्याखालीं कोणती खुंटी टेकवावी? तेथें हात पोंचत नाहीं, दृष्टि पोंचत नाहीं, आणि लोट्याची वांकडी सळई तर मुळींच पोंचत नाहीं.

या प्रश्नाचें उत्तर वाद्याच्या जन्मांतच आहे. पंधराव्या शतकांत युरोपांत सरकत्या नळीचें वाद्य रूढ झालें, आणि सोळाव्या शतकांत जर्मनींतील न्यूरेंबर्ग हें त्याच्या कारागिरांचें माहेरघर होतें. नॉयशेल, श्निट्झर हीं तेथलीं नामांकित घराणीं. एराझमुस श्निट्झर यानें १५५१ सालीं केलेला ट्रॉम्बोन अद्याप न्यूरेंबर्गच्या संग्रहालयांत आहे. साल कोरलेल्या जुन्यांत जुन्या ट्रॉम्बोनांत त्याची गणना होते. त्या काळीं नळी अशी करीत: पितळेचा पत्रा पट्टीसारखा कापावयाचा, तो लोखंडी सळईभोंवतीं ठोकून गुंडाळावयाचा, कडा डाक देऊन सांधावयाच्या, आणि मग सळईसकट ती नळी पोलादी भोंकांतून ओढावयाची. सोनार ज्या जंतरपट्टींतून तार ओढतो तिच्याच जातीचें हें साधन. बाहेरून भोंक दाबतें, आंतून सळई अडविते. दोहोंच्या मध्यें सांपडलेल्या पत्र्याला सर्वत्र सारखें होण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं. एकोणिसाव्या शतकांत बर्मिंगहॅमसारख्या गांवीं सांधा नसलेल्या पितळी नळ्या यंत्रानें ओढूं लागले, पण आंत सळई आणि बाहेर भोंक हें तत्त्व तेंच राहिलें.

ज्या सळईवर नळी जन्मली तीच सळई तिच्या दुखण्यावर औषध. म्हणून पोचा काढणाऱ्याचें पहिलें हत्यार हातोडी नव्हे, तर ही सळई. ती पोलादाची, आरशासारखी घोटलेली, नळीहून लांब आणि नळीच्या आंतल्या मापाहून केवळ केसभर बारीक असावी लागते. केसाहून अधिक बारीक असली तर पोच्याखालीं पोकळी राहते व ठोका वाया जातो. नळीइतकीच जाड असली तर ती आंत जातच नाहीं. अंगावर एक ओरखडा असला तरी तो नळीच्या आंत उमटतो. सळईचें टोंक व्हाइसच्या जबड्यांत आवळतात, तिला तेल लावतात, आणि बाहेरची नळी हळूहळू तिच्यावर चढवितात. पोचा आडवा येईपर्यंत ती सुखानें जाते. मग पोच्याची कड सळईवर टेकवून, घोटलेल्या सपाट तोंडाच्या लहान हातोडीनें, पाऊस सुरू होतांना पत्र्यावर थेंब वाजावे इतके हलके ठोके कडेनें देत येतात. पोचा थोडा उठतो, नळी सुतभर पुढें सरकते; पुन्हां ठोके, पुन्हां सुतभर. शेवटीं जो बारीक उंचसखलपणा उरतो तो घोटणीनें दाबून काढतात. पोलादी घोटणी तेल लावून नळीवर लांबच लांब ओढावयाची. सोनाराला हें काम शिकवावें लागणार नाहीं. अलीकडच्या कारखान्यांत हातोडीच्या ठिकाणीं दोन-तीन लहान रूळ असलेलें साधन आलें आहे. त्यानें पत्रा पसरण्याचें भय कमी होतें. परंतु आंत सळई हवीच.

तळाच्या वळणाची गोष्ट निराळी. तेथें सरळ सळई जात नाहीं. पूर्वीं व आजही पहिला उपाय हा कीं, बारीक ज्योत देऊन डाक वितळवावा व वळण वेगळें करावें. सरळ नळीला झळ लागूं न देणें हेंच यांतलें कसब. मग वांकड्या काठीच्या टोंकाला पिंपाच्या आकाराचा पोलादी मणी बसवून तो आंत घालतात. दुसरी रीत गोळ्यांची. पोलादी गोळ्यांचा एक संचच असतो. प्रत्येक गोळा आधीच्याहून कागदाच्या जाडीइतका मोठा. पोच्याखालून जेमतेम जाईल असा गोळा आंत टाकावा, त्याच्यामागें एक लहान गोळा सोडावा आणि वळण हातांत धरून हलवावें. मागचा गोळा पुढच्यावर आदळतो, पुढचा पोच्यांत घुसतो व त्याला उचलतो. मग त्याहून मोठा गोळा, मग त्याहून मोठा. उतावळेपणानें एकदम मोठा गोळा घातला तर तो अडकून बसतो. अडकलेला गोळा काढण्याच्या हकिगती दुरुस्ती करणाऱ्यांत, वैद्यांत अवघड बाळंतपणाच्या असाव्यात, तशा सांगितल्या जातात. केवळ ट्रॉम्बोनलाच नव्हे, तर कर्नेट, युफोनियम वगैरे सर्व पितळी वाद्यांना सूर जुळविण्यासाठीं ओढावयाच्या लहान वळणनळ्या असतात. त्यांनाही हेच गोळे लागतात.

आतां हीं हत्यारें इकडे केव्हां व कितपत आलीं हें पाहिलें पाहिजे. वाद्यें तर फार लवकर आलीं. तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी, ज्यांनीं १७९८ ते १८३२ पर्यंत राज्य केलें, त्यांच्या पदरीं विलायती पद्धतीचा बँड होता, आणि त्यांच्या सरस्वती महाल ग्रंथालयांत विलायती संगीताचीं पुस्तकें आहेत. पुढें पलटणींबरोबर, आणि संस्थानिकांच्या हौसेबरोबर, बँड सर्वत्र पसरला. वाद्यें मात्र लंडनच्या बूझी, बेसन यांसारख्या कारखान्यांची. प्रत्येक कारखान्याच्या नळीचें माप थोडें थोडें निराळें. एकाच्या सळईवर दुसऱ्याची नळी बसेलच असें नाहीं. तेव्हां साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या एखाद्या हुशार तांबटानें हें काम मनावर घेतलें असतें, तरी त्याला एक सळई पुरली नसती. दहा लागल्या असत्या, आणि त्या पोलाद कांतून, घोटून मिळवाव्या लागल्या असत्या. वर्षाकाठीं येणाऱ्या दोन नळ्यांसाठीं एवढा खर्च कोण करील? त्याच्या हातांत कसब कमी नव्हतें. कमी होतें तें गिऱ्हाईक.

मीरतची गोष्ट याच्या उलट झाली. तेथें १८८५ मध्यें नादिर अली कंपनी निघाली. नादिर अली हे स्वतः लष्करी बँडांतले. पुढें त्या शहरांत पितळी वाद्यें घडूं लागलीं आणि जली कोठीची वस्ती या धंद्यासाठीं हिंदुस्थानभर प्रसिद्ध झाली. जेथें नळी ओढावयाची तेथें सळई असणारच, आणि जेथें सळई तेथें दुरुस्ती. ज्याला मीरतला वाद्य पाठविणें परवडलें नाहीं त्याचें वाद्य अडगळींत पडलें.

महाबळेश्वराहून कृष्णेच्या कांठाकांठानें खालीं उतरलें तर सांगलीशेजारीं मिरज लागते. धंदा कसा रुजतो याचा तेथला दाखला मोठा बोधप्रद आहे. तेथले शिकलगार मुळांत तरवारींना धार लावणारे, शस्त्रें पाजळणारे. पेशवाई गेली, शस्त्रांचें काम आटलें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार व त्यांच्या घरच्या मंडळींनीं तंबोरे व सतारी करावयास घेतल्या. पोलाद घोटणारे हात पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यांवर आणि लांकडावर वळले. खरें पाहतां हत्यारांची ओळख पाहिली तर या माणसांना पितळी नळी अधिक जवळची. सळई घोटणें म्हणजे तरवार घोटण्याचाच प्रकार. पण मिरजेस पटवर्धनांचा दरबार होता, गवयांची ये-जा होती. अब्दुल करीम खांसाहेब तर तेथेंच स्थायिक झाले. तंबोऱ्याला मागणी रोजची होती, ट्रॉम्बोनला नव्हती. आज मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ सालीं मिळालेलें भौगोलिक मानांकन आहे, आणि फुटलेला भोपळा सांधून देणारा कारागीर त्याच गल्लींत भेटतो. पेटीचेंही असेंच झालें. १९४० मध्यें ऑल इंडिया रेडिओनें हार्मोनियमला दार बंद केलें तें १९७१ पर्यंत बंदच राहिलें. पण पेटीचा भाता शिवून देणारे आणि सूर लावून देणारे गांवोगांव होते, म्हणून बंदीनें तिचें कांहीं बिघडलें नाहीं.

ट्रॉम्बोनला हें भाग्य लाभलें नाहीं. १८१८ सालीं, म्हणजे इकडे पेशवाई बुडाली त्याच वर्षीं, प्रशियांत स्टोल्झल व ब्लूमेल यांनीं कळांच्या पितळी वाद्याचें पेटंट घेतलें. कळ दाबली कीं हवा एका जादा वळणांतून फिरते. नळी ढकलण्याचें कारण उरत नाहीं. लग्नाच्या वरातींत आणि गणेशविसर्जनाच्या मिरवणुकींत जीं पथकें वाजवितात, पुण्याचीं प्रभात, दरबार हीं त्यांतलीं नांवाजलेलीं, त्यांचा भर कर्नेट, ट्रम्पेट, युफोनियम या कळांच्या वाद्यांवर राहिला. गर्दींत नळी पुढें ढकलावयास जागा नसते हें एक कारण उघड आहे. दुसरें कारण पोच्याचें मानण्यास हरकत नसावी. कळांच्या वाद्याला दहा पोचे पडले तरी तें वरात पोंचवितें. सरकत्या नळीला एक पडला तर वादक रस्त्यावरच थांबतो, आणि त्या दिवसाच्या बिदागीला मुकतो.

विसाव्या शतकाच्या अखेरीस या हत्यारांत एक नवी भर पडली. १९८० नंतरच्या दशकांत नियोडिमियमचे अतिशय जोरदार लोहचुंबक निघाले. वळणांत पोलादी गोळा टाकावयाचा आणि बाहेरून चुंबक धरावयाचा. पितळेला चुंबक ओढीत नाहीं, आंतल्या गोळ्याला ओढतो, आणि मधला पत्रा दोहोंच्या मध्यें दाबला जाऊन सारखा होतो. चुंबक फिरवीत गेलें कीं गोळा आंतून पाठोपाठ फिरतो. वळणांसाठीं ही रीत फार सोयीची आहे व पुष्कळ वेळां डाक सोडविण्याचा खटाटोप वांचवते. सरळ नळीला मात्र कसबी माणसें अजून सळईवरच चढवितात, कारण तेथें केसभर चुकलेलेंही चालत नाहीं.

काम झालें कीं परीक्षा होते. नळ्या कापडानें आंतून पुसून कोरड्या करतात. सपाट दगडावर किंवा कांचेवर ठेवून दोन्ही नळ्या समांतर आहेत कीं नाहींत तें पाहतात, कारण पोचा निघाला तरी नळी वांकली असेल तर सारी मेहनत व्यर्थ. मग तेलाचा थेंब देऊन बाहेरची नळी आंतल्या नळ्यांवर चढवितात आणि तें सगळें उभें धरून बाहेरची नळी सोडून देतात. वाटेंत कोठेंही न अडखळतां ती आपल्या वजनानें, एका सारख्या गतीनें, खालीं उतरली पाहिजे. दुरुस्ती करणाऱ्याचा दुसरा हात तेव्हां खालीं पसरलेला असतो. नळी जमिनीवर पडली तर नवा पोचा तेथेंच पडेल.